सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी बघा, मग पुसा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात देवबागचा एक स्कुबावाला दादा लॅपटॉप काखोटीला मारून दुकानात आला. पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं आणि वर आल्यावर त्यांचा व्हिडिओ त्यांना द्यायचा, हा त्याचा सीझनभरचा उद्योग. लॅपटॉप टेबलावर ठेवत म्हणाला, "ह्या लाल झाला. जागा नाय म्हणता. रात्री बसून सगळी बिलां पुसून टाकलंय, तरी जागा काय वाढणा नाय."

पुसलं काय होतं, तर वर्डमधली दीडशे बिलं आणि दोन-चार अर्ज. ज्यांनी खरी जागा अडवली होती त्यांना हातही लागला नव्हता. मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हे मी दर आठवड्याला बघतो. त्या दिवशी दादाला शेजारी बसवून जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. विंडोज ११ धरून लिहिलंय. विंडोज १० वर काही नावं इकडची तिकडे असतील, पण वाट तीच.

आधी एक घोळ मिटवू

"मेमरी फुल झाली" असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असेपर्यंत सामान त्यावर, काम संपलं की ओटा रिकामा. स्टोरेज म्हणजे माळा. वर टाकलेलं तुम्ही काढेपर्यंत तिथेच राहतं. ब्राउझरमध्ये तीस पानं उघडल्यामुळे लॅपटॉप रखडत असेल तर माळा साफ करून उपयोग नाही. पण अपडेट होत नाही, फाइल सेव्ह होत नाही, "लो डिस्क स्पेस" असा निरोप येतो, तर मात्र दोष माळ्याचा. हा लेख माळ्यापुरता.

पहिली पायरी : किती भरलंय?

विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि ई दाबा. डावीकडे "धिस पीसी" दिसेल, त्यावर क्लिक करा. प्रत्येक ड्राइव्हखाली एक पट्टी असते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती निळ्याची लाल होते. दादाच्या सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज जिथे बसलेलं असतं त्या ड्राइव्हवर, ४७६ जीबीपैकी ४ जीबी उरली होती.

इथेच त्याने मला अडवलं. "मी ५१२चो घेतलंय, दुकानदारान फसवल्यान?" नाही. डिस्क बनवणारे हजारात मोजतात आणि विंडोज १०२४ मध्ये. बाइट हे साठवणुकीचं छोटं माप. बनवणाऱ्याचा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, विंडोजचा १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट, म्हणजे १०७ कोटींच्या वर. म्हणून ५१२ चे ४७६ दिसतात आणि १ टीबीचे ९३१. माल तेवढाच, माप वेगळं.

वजन कशाला असतं?

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मं काम झालं. कॉम्प्युटरमध्ये देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा साधारण ३ बाइट घेते. "आंबा" लिहिलं की आ, अनुस्वार, ब आणि काना मिळून १२ बाइट. हा अख्खा लेख साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवला तरी ४० केबीच्या आसपास जाईल. मोबाइलवरचा एक बरा फोटो ३-४ एमबीचा, म्हणजे असे शंभर लेख. आणि फोर-के व्हिडिओचं एक मिनिट, कुठल्या पद्धतीने साठवलंय त्यानुसार, १७० ते ३५० एमबी खातं. ३५० धरलं तर एका मिनिटात असे ९,००० लेख मावतील!

दादाची दीडशे बिलं मिळून व्हिडिओचे दोन-चार सेकंद भरले असतील. फायली किती आहेत ते मोजू नका, किती जड आहेत ते बघा.

दुसरी पायरी : जागा कोणी अडवलीय?

विंडोजचं बटण आणि आय दाबा, सेटिंग्ज उघडतील. सिस्टिम, मग स्टोरेज. थोडा वेळ थांबा, ते मोजत असतं. मग यादी येते आणि "शो मोअर कॅटेगरीज" दाबलं की उरलेलीही दिसते. या घटकेला काहीही पुसायचं नाही. कागदावर लिहून घ्या. दादाचा हिशोब असा निघाला : विंडोज आणि प्रोग्रॅम ६०, स्कुबाचे व्हिडिओ २५०, घरचे फोटो ५२, डाउनलोड्स ४७, रिसायकल बिन २४, जुनं विंडोज २४, किरकोळ १५, मोकळी ४. बेरीज ४७६.

कागद बघून तो गप्प झाला, मग म्हणाला, "ह्यो एवढो कचरो माझोच?"

विंडोजच्या यादीवर भागलं नाही, तर विझट्री किंवा विनडिरस्टॅट हे फुकट प्रोग्रॅम आहेत. अख्खी डिस्क ते लहानमोठ्या चौकोनांत मांडून दाखवतात, सगळ्यात मोठा चौकोन म्हणजे सगळ्यात जड फाइल. विझट्री फारच झटपट मोजतो. मात्र ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. "तुमचा पीसी दहापट वेगवान करा" म्हणणारी जी सॉफ्टवेअर जाहिरातीत येतात, त्यांच्या नादी लागू नका. तसल्या सफाईवाल्यांनी केलेली घाण काढायलाच माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात.

काहीही न उतरवता मोठ्या फायली शोधायची एक सोपी युक्ती आहे. फोल्डरच्या खिडकीत वर उजवीकडे शोधायची चौकट असते. तिथे इंग्रजी अक्षरांत "साइझ", लगेच कोलन, मग "पेक्षा मोठं"चं चिन्ह आणि १ जीबी असं मध्ये जागा न सोडता टाइप करा. १ जीबीच्या वरच्या सगळ्या फायली रांगेत उभ्या राहतात.

तिसरी पायरी : केराची टोपली

डिलीट केलं म्हणजे फाइल गेली, असं नाही. ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते आणि जागा तितकीच अडवते. केर सुपात भरून दाराआड ठेवावा, तसं. डेस्कटॉपवरच्या टोपलीवर उजवं क्लिक, "एम्प्टी रिसायकल बिन". त्याआधी एकदा उघडून नजर टाका. दादाच्या टोपलीतून त्याच्या पोराच्या शाळेचा दाखला परत काढावा लागला. मग २४ जीबी एका क्लिकमध्ये सुटली.

चौथी पायरी : टेम्पररी फाइल्स

पुन्हा सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे खुणा करायची यादी येते. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, टेम्पररी इंटरनेट फाइल्स यांवर बिनधास्त खूण करा. थंबनेल्स म्हणजे फोटोंची छोटी चित्रं. ती पुसली तरी कॉम्प्युटर परत बनवतो, त्यामुळे ठेवली काय, काढली काय, सारखंच.

दोन ओळींपाशी मात्र थांबा.

एक, "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन". विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ११ वर जाणाऱ्यांची रीघ लागली. दादाही आठवड्यापूर्वीच गेला होता. नवं विंडोज आलं की जुनं एका फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं. पटलं नाही तर मागे फिरता यावं म्हणून. साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं. प्रिंटर चालतोय, बिलाचं सॉफ्टवेअर उघडतंय, मराठी टायपिंग जमतंय याची खात्री असेल तर आधीच पुसा. नसेल तर दहा दिवस कळ काढा. दादाचं सगळं चालत होतं, म्हणून आणखी २४ जीबी सुटली.

दुसरी ओळ "डाउनलोड्स". हिच्यावर मुळात खूण नसते, आणि तुम्हीही करू नका. का, ते पुढे.

पाचवी पायरी : डाउनलोड्स हाताने निवडा

आपल्याकडे डाउनलोड्स म्हणजे कचराही असतो आणि तिजोरीही. दादाच्या फोल्डरमध्ये तेच वीजबिल सहा वेळा होतं, नावापुढे कंसात एक, दोन, तीन करत. दर वेळी जुनं सापडलं नाही की नवं उतरवायचा. त्याच ढिगात सातबारा, होडीच्या विम्याचा कागद आणि आधारची पीडीएफ. एका खुणेने सगळं उडवलं असतं तर होडीचा विमा शोधत बसायची पाळी आली असती.

करायचं असं : डाउनलोड्स उघडा, वर "व्ह्यू" मधून "डिटेल्स" घ्या आणि "साइझ" या मथळ्यावर क्लिक करा. जड फायली वर येतात. प्रोग्रॅम इन्स्टॉल करायच्या जुन्या फायली, उघडून झालेल्या झिप, बघून झालेले सिनेमे, हे पहिल्या दहा-पंधरा ओळींतच सापडतं. टेलिग्राम वापरत असाल तर आतमध्ये त्याच्या नावाचा वेगळा फोल्डर असतो, तोही बघा. कामाचे कागद "कागदपत्रं" नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. तळाच्या बारीक फायलींशी झटापट करत बसू नका, त्यांतून काही निघत नाही. ४७ पैकी ४१ जीबी इथून गेली.

सहावी पायरी : व्हिडिओ

खरा राक्षस हाच. तुमचा स्कुबाचा धंदा नसेल, तर होमस्टेच्या खोल्यांचे व्हिडिओ असतील, जत्रेतल्या दशावताराचं पाच तासांचं रेकॉर्डिंग असेल, नाहीतर चाकरमान्यांनी गणपतीत काढून इथेच टाकून दिलेले क्लिप असतील. पद्धत एकच.

दादाच्या डेस्कटॉपवर चार फोल्डर होते : "कस्टमर", "कस्टमर नवीन", "नवीन १" आणि "फायनल". एकच मेमरी कार्ड दोनदा ओतलेलं. दोन फोल्डरमधल्या फायलींची नावं आणि आकार जुळवून बघितले तर दुसरी प्रत सरळ दिसते. दोन्हीकडून एक-एक फाइल उघडून खात्री करा, मग एक प्रत उडवा.

पाण्याखालचा कॅमेरा बहुतेकांकडे गोप्रो असतो, म्हणून हे खास त्यांच्यासाठी. कार्डावर एमपीफोर शेपटीच्या फायली असतात, तो खरा व्हिडिओ. त्यांच्या जोडीला एलआरव्ही आणि टीएचएम शेपटीच्या फायली येतात. पहिली म्हणजे मोबाइलवर झटकन बघायला केलेली हलकी प्रत, दुसरी नुसतं चिमुकलं चित्र. कॉम्प्युटरवर दोन्हींची गरज नाही. शेपट्या दिसत नसतील तर "व्ह्यू", "शो", "फाइल नेम एक्स्टेन्शन्स". मग "टाइप"वर क्लिक केलं की त्या एका रांगेत येतात, निवडा आणि पुसा. शिवाय लांब चित्रीकरण हा कॅमेरा स्वतःच तुकड्यांत कापतो. त्यामुळे एकाच डुबकीच्या दोन-तीन फायली दिसल्या तर त्या डुप्लिकेट समजून उडवू नका. एक तुकडा जिथे संपतो, तिथून दुसरा सुरू होतो.

उरलेले व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर. इथे लोक "कट" करून "पेस्ट" करतात, ते मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड तारेवर पडलं की लाइट गेलीच. डेस्कटॉप असेल तर मधेच सगळं बंद, आणि मग काय गेलं, काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. आधी कॉपी करा. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक, "प्रॉपर्टीज", आणि बाइटमधला आकार व फायलींची संख्या ताडून बघा. तीन-चार व्हिडिओ हार्डडिस्कवरून चालवून बघा. मगच लॅपटॉपवरचे पुसा, आणि टोपलीही रिकामी करा. मोठ्या फायली टोपलीत न मावता थेटच पुसल्या जातात, तेव्हा आधीची खात्री महत्त्वाची.

दादाने २३० जीबी बाहेर काढली. चालू महिन्याचे २० जीबी व्हिडिओ जवळ ठेवले. त्याला एक नियमही लावून दिला : फोल्डरचं नाव तारखेने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. "फायनल" नावाचा फोल्डर या घरात परत दिसता नये.

"माझा डी मध्ये बॅकअप आहे"

हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. बऱ्याच कॉम्प्युटरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाटे असतात. एका माळ्याला मध्ये फळी ठोकल्यासारखे. सी भरला म्हणून सामान डी मध्ये हलवणं ठीक, सी मोकळा होतो. पण डिस्क गेली की दोन्ही वाटे जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि खालच्या खणातली हार्डडिस्क, दोघांचं पाणी एकच. महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, शक्यतो वरच्या मजल्यावर. आणि बाहेरची हार्डडिस्क खारट, दमट हवेत उघडी टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बुटांच्या खोक्यात येतात त्याच.

वनड्राइव्हचं वेगळं प्रकरण

नवा लॅपटॉप सुरू करताना "नेक्स्ट, नेक्स्ट" करत गेलात तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर चढायला लागतात. तिथे फुकट जागा ५ जीबी. ती भरल्याचा निरोप आला म्हणजे तुमची डिस्क भरली असं नव्हे, ते दुसऱ्या घराचं भाडं आहे. गुगलचंही तसंच, मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी.

लक्षात ठेवायचं ते असं की वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल पुसली तर ती वरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून "फ्री अप स्पेस" निवडा. हिरव्या खुणेच्या जागी निळा ढग दिसेल, म्हणजे फाइल आता वरच आहे, उघडली की खाली उतरेल. पण नेट असेल तरच. देवबागसारख्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या पट्टीत रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचा दरपत्रकाचा कागद ढगात ठेवू नका.

हात लावू नये असं काही

विंडोज नावाच्या फोल्डरमध्ये शिरून काहीही पुसू नका. आत विनएसएक्सएस नावाचा फोल्डर असतो, तो भलामोठा दिसतो. पण त्यातल्या अनेक फायली दुसरीकडेही मोजल्या जातात, त्यामुळे तो आहे त्याहून फुगलेला वाटतो. पेजफाइल, म्हणजे रॅमचा ओटा अपुरा पडला की विंडोज सामान ठेवतं ती फाइल, तशीच राहू द्या. हायबरफिल नावाची काही जीबींची फाइल असते. ती बंद करून जागा वाचवायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, पण मी तो इथल्या कुणाला देत नाही. बॅटरी संपत आली की लॅपटॉप चालू काम त्याच फाइलमध्ये ठेवून झोपतो. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा पाच-सहा जीबी गेली तर गेली.

परत भरू नये म्हणून

स्टोरेजच्या त्याच पानावर "स्टोरेज सेन्स" आहे. चालू करा, महिन्यातून एकदा चालू दे. टोपलीतलं ३० दिवसांहून जुनं पुसायला सांगा, डाउनलोड्सच्या पुढे मात्र "नेव्हर" ठेवा. डिस्कचा पाचवा-सहावा हिस्सा नेहमी मोकळा असावा, एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर जास्तच. भरत आलेली एसएसडी मंदावते. पाण्यातले खेळ बंद होऊन होड्या वर ओढल्या की मी माझ्या सगळ्या स्कुबावाल्यांना लॅपटॉप घेऊन यायला सांगतो. तेव्हा त्यांनाही वेळ असतो आणि मलाही.

दादाची पट्टी निळी झाली, ३२३ जीबी मोकळी. चहा पिऊन उठता उठता त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "ह्येचा पण बघ. चौसष्टचो आसा, रिकामोच, तरी पाच जीबीचो व्हिडिओ घेणा नाय. फाइल मोठी म्हणता."

यात बिघाड काही नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला असला की ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्याला गिळता येत नाही, जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर उजवं क्लिक, "फॉरमॅट", आणि "फाइल सिस्टिम"च्या जागी एक्सफॅट निवडायचं. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, म्हणून आधी उघडून बघितलं. रिकामा म्हणालेल्या पेनड्राइव्हमध्ये भाचीच्या बारशाचे दोनशे फोटो निघाले. ते हार्डडिस्कवर घेतले, मोजून ताडले, मग फॉरमॅट केला.